आभाळातलं कोल्ड स्टोअर

मार्च आला की मला धुळीचा वास येतो. इथे रत्नागिरीत मार्चमध्ये तशी धूळ नसते. असतो तो घाम आणि बारावीच्या परीक्षेची धांदल. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. दरवर्षी हा महिना मी बाकांमधून येरझाऱ्या घालत, दुसऱ्यांच्या पोरांच्या वाकलेल्या माना बघत काढते. तरी एखाद्या पेपरच्या दिवशी, प्रश्नपत्रिकांचं पाकीट फोडताना, नाकात तो कोरडा, खडूच्या भुकटीसारखा वास शिरतो आणि मी बहारीनमध्ये, उम्म अल हस्समच्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये जाऊन पोचते.

यंदा त्यात भर पडली. वर्गातल्या एका मुलीने फोनवर फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘मॅडम, भारी ना?’ अवकाशातल्या नव्या दुर्बिणीने टिपलेल्या दोन दीर्घिका, एकमेकींवर आदळणाऱ्या. लाल, केशरी, मध्येच फुंकलेल्या निखाऱ्यासारखे ठिपके. मी चहा टाकला होता. एका हातात फोन धरून बघत राहिले आणि चहा उतू जाऊन गॅस विझला तेव्हा भानावर आले. त्या मुलीला कसं सांगणार की ह्या दोघींची आणि माझी जुनी ओळख आहे, आणि ती झाली त्या वसंतात मी जेवढी घाबरले तेवढी पुन्हा कधी घाबरले नाही!

अठ्ठ्याण्णव साल. मी बारावीत होते. बाबा एसी आणि फ्रीजचे मेकॅनिक होते, एका कंपनीत. लांज्याजवळच्या आमच्या गावातून ते आधी मुंबईला, मग बहारीनला गेले आणि मी पाच वर्षांची असताना आईला आणि मला तिकडे घेऊन गेले. तिथले फेब्रुवारी-मार्च म्हणजे तसे सुखाचे महिने. हवा मऊ असते, एसी बंद असतात, संध्याकाळी माणसं जुफैरच्या बाजूला समुद्रावर जाऊन बसतात. मग एक दिवस वारा सुटतो आणि आभाळ ताकाच्या रंगाचं होतं. समोरची बिल्डिंग दिसेनाशी होते. आई खिडक्यांच्या फटींत ओले पंचे खुपसायची, तरी पोळ्यांच्या डब्यात धूळ, वहीत धूळ, दातांत धूळ. एसीवाल्यांचा मोसम नेमका तेव्हाच सुरू होतो. उन्हाळा यायच्या आत बिल्डिंगच्या बिल्डिंगा घ्यायच्या, एसी उघडायचे, धुवायचे, गॅस बघायचा, भरायचा. बाबा घरी यायचे ते भुवयांपर्यंत पांढरे होऊन.

बाबांचं हत्यार म्हणजे त्यांचा उजवा हात. त्यातही उलटा हात. पेटीत मीटर होते, गेज होते, पण ते आधी हाताची मागची बाजू पाइपला लावायचे आणि सांगून टाकायचे, गॅस कमी आहे, कॉम्प्रेसर गेलाय, काही झालेलं नाही नुसता कचरा अडकलाय. मीटर मागाहून लावायचे, साहेबाची खात्री पटावी म्हणून. घरीही तेच. भाताच्या पातेल्याला उलटा हात, माझ्या अंघोळीच्या बादलीला उलटा हात, माझ्या कपाळाला उलटा हात. त्याआधी हात गार पाण्याने धुवायचे. ‘हातच गरम असला तर ताप कसा कळणार?’ असं त्यांचं शास्त्र होतं.

फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला एक प्रोजेक्ट द्यायचं असायचं. आमचे सर केरळचे होते, थॉमस सर. ते कुठून कुठून विज्ञानाची मासिकं मिळवायचे आणि आवडलेल्या पानांच्या झेरॉक्स काढून आमच्या माथी मारायचे. माझ्या वाट्याला आलं ते ‘आदळणाऱ्या दीर्घिका’. एका पानावर दोन फोटो होते. पहिला साध्या प्रकाशातला. त्यात दोन उजळ गाभे, आणि दोघींच्या मधोमध काळपट, मेलेली जागा. दुसरा होता अवकाशात सोडलेल्या एका अवरक्त दुर्बिणीचा, म्हणजे उजेड न बघता गरमी बघणारी दुर्बीण. त्या फोटोत सगळ्यात मोठी आच दिसत होती ती बरोब्बर त्या मेलेल्या जागी.

सरांनी समजावून सांगितलं. दोन दीर्घिका आदळतात तेव्हा तारे एकमेकांना धडकत नाहीत, ते फार लांब लांब असतात. आदळतात ते वायूचे आणि धुळीचे ढग. त्या कोंडाळ्यात नवे तारे जन्मतात. पण भोवती धूळ एवढी की त्यांचा उजेड बाहेर येत नाही. बाहेर येते ती फक्त ऊब. म्हणून आपल्याला तिथे काळोख दिसतो. सर खिडकीबाहेरच्या धुळीकडे बोट दाखवून म्हणाले, “लाइक दॅट. यू थिंक नोबडी इज देअर.”

आता हे घरी सांगायचं म्हणजे पंचाईत. मी तेव्हा घरात इंग्रजीत उत्तरं देणारी शहाणी मुलगी होते. आई मराठीत विचारायची, मी इंग्रजीत तोडायचे. पण बाबांना प्रोजेक्टमध्ये भारी रस. त्यांनी दोन्ही फोटो हातात घेतले, उलटसुलट केले आणि म्हणाले, “मराठीत सांग, बाय. सगळं सांग.” मग मी आईच्या जुन्या शब्दकोशात शब्द शोधत बसले. गॅलेक्सी म्हणजे दीर्घिका. इन्फ्रारेड म्हणजे अवरक्त.

“अवरक्त?” आई स्वयंपाकघरातून ओरडली. “रक्त कमी पडतं तो आजार काय गो?”

“नाही गं. हीट. गरमी.”

“मग गरमी म्हण की सरळ.”

मी गरमी म्हणाले. आणि सांगितलं की ही दुर्बीण एका प्रचंड थर्मासमध्ये ठेवलेली असते, त्यात द्रवरूप हेलियम भरलेला असतो, कारण दुर्बीण स्वतःच गरम असली तर तिला दुसऱ्याची गरमी दिसत नाही, आपलीच दिसत राहते. बाबा एकदम सावरून बसले. “मग! मी काय सांगतो नेहमी? आधी हात गार पायजे.” साऱ्या वर्गात जे कोणाच्या डोक्यात शिरलं नव्हतं ते बाबांना एका वाक्यात कळलं. मला इतका अभिमान वाटला की मी उत्साहाने म्हणाले, “म्हणजे आई, समज, आभाळात एक कोल्ड स्टोअर आहे.”

“मग येताना खबूस घेऊन ये तिथून,” आई म्हणाली.

बहारीनमध्ये राहिलेल्या माणसाला हा विनोद समजावा लागत नाही. तिथे गल्लीतल्या किराणा दुकानाला कोल्ड स्टोअर म्हणतात. दूध, अंडी, आगपेटी, खबूस म्हणजे तिथली जाड रोटी, सगळं कोल्ड स्टोअरमध्ये. मी तर पुढे पुण्याला हॉस्टेलवर गेले तेव्हा पहिल्याच दिवशी पाव आणायला म्हणून रेक्टरबाईंना विचारलं की जवळचं कोल्ड स्टोअर कुठे आहे. त्यांनी मला मार्केट यार्डाची बस सांगितली. तिथे बटाटे ठेवतात म्हणे!

आमच्या बिल्डिंगखालचं कोल्ड स्टोअर कासमचाचांचं होतं. दाभोळकडचे. बाबांचे पत्ते खेळायचे जोडीदार आणि त्यांच्या जुन्या डीप फ्रीझरचे बाबा म्हणजे फुकटचे डॉक्टर. चाचांना बाबांनी त्याच संध्याकाळी दुर्बिणीची गोष्ट सांगितली. हेलियम हळूहळू उडून जातो, एक दिवस संपणार, मग दुर्बीण आंधळी, हेसुद्धा. चाचा म्हणाले, “गॅस मफी, तर काम मफी. गॅस नाय तर काम नाय. मग तुला पाठवाया पायजे, अनंता. सिलिंडर घे खांद्यावर नि जा वर.” तेव्हापासून मी शाळेतून आले की बाबांचा पहिला प्रश्न असायचा, “आहे का गॅस अजून?” सर मासिकांत वाचून सांगायचे आणि मी घरी सांगायचे, आहे, ठरल्यापेक्षा जास्त टिकलाय. बाबांचा चेहरा खुलायचा. कुणीतरी टाकी नीट भरली होती म्हणायचे.

हे सगळं वरवरचं. घरात मात्र काहीतरी बिनसलं होतं.

ते मला चहावरून कळलं. बाबांना चहा लागायचा तो उकळता, स्टीलच्या पेल्यात, पेला उजव्या हातात धरून. ‘चहा म्हणजे चटका’ असं ते म्हणायचे. त्या फेब्रुवारीत आई त्यांना प्लास्टिकच्या मगात चहा द्यायला लागली. कोमट. मी एकदा चुकून त्यांचा मग उचलला तर तो पाण्यासारखा गार. बाबांनी कधी तक्रार केली नाही. खाली मान घालून पिऊन टाकायचे. आईही बोलायची नाही. दोघं एका खोलीत असले की नुसता टीव्हीचा आवाज. पूर्वी आई दिवसभर बाबांची फिरकी घ्यायची, आता ‘जेवायला बसा’ आणि ‘भात वाढू?’ यापलीकडे शब्द नाही. सतरा वर्षांच्या मुलीला ह्याचा अर्थ एकच कळतो. आमच्या बिल्डिंगमधल्या एक बाई मुलांना घेऊन नुकत्याच कायमच्या माहेरी गेल्या होत्या. मला वाटलं, आता आमची पाळी.

परीक्षेला दोन आठवडे होते तेव्हा मला ताप आला. सकाळपासून अंग मोडत होतं, दुपारी डोळ्यांसमोर अक्षरं हलायला लागली. शुक्रवार होता, तिथली सुट्टी, बाबा घरी होते. त्यांनी बेसिनवर हात धुतला, पुसला, आणि उलटा हात माझ्या कपाळाला लावला. नेहमीपेक्षा जास्त वेळ.

“काही नाही,” ते म्हणाले. “गार आहेस. अभ्यासाचा ताण. थोडी पड.”

आई मागून आली. माझ्या गालाला हात लावला आणि तिने तो असा झटकन काढला की बांगड्या वाजल्या. “गार? पोर भाजतेय नुसती! लक्ष कुठे असतं हो तुमचं?” थर्मामीटर आला. एकशे तीन. आई बोलतच होती, कधी नव्हे ती तोंडाला येईल ते, परीक्षा तोंडावर आणि तुम्हाला कसलीच काळजी नाही म्हणून. बाबांनी हात मागे घेतला. ते आपल्या हाताकडे बघत होते. भांडणापेक्षा मला त्या बघण्याची भीती वाटली.

चार दिवसांनी ताप उतरला. आईने खबूस आणायला खाली पाठवलं. वारा सुटला होता, चाचांच्या दुकानाचं दार अर्धं लावलेलं होतं आणि बाबा डीप फ्रीझर भिंतीपासून ओढून त्याच्या मागे उकिडवे बसले होते. मला त्यांची पाठ दिसत होती.

“ये गो पोरी, काय पायजे?” चाचा म्हणाले.

बाबांनी वळून बघितलं नाही. त्यांचा उलटा हात कॉम्प्रेसरमधून निघणाऱ्या तांब्याच्या पाइपवर टेकलेला होता. फ्रीझर सकाळपासून घरघरत होता. मेकॅनिकच्या मुलीला एवढं ठाऊक असतं, की तो पाइप चालत्या मशीनला सगळ्यात गरम असतो. बाबा हात तसाच ठेवून म्हणाले, “गारच आहे रे. गॅस नसेल.”

चाचा वाकले, पाइपला बोट लावलं आणि किंचाळले. “या अल्ला! काढ हात! अनंता, काढ हात!” त्यांनीच बाबांचं मनगट धरून ओढलं. बोटांच्या मागे तांबडा, चकाकणारा पट्टा उमटला होता. बाबा त्या पट्ट्याकडे असे बघत होते, जणू तो दुसऱ्याच कुणाच्या हातावर आहे.

चाचांनी त्यांचा हात सोड्याच्या बर्फगार बाटलीवर दाबून धरला. मी रडत होते. मग बाबांनी सांगितलं, तुटक तुटक. दिवाळीत एका बिल्डिंगच्या गच्चीवर लाइन उघडताना गॅस उडाला होता, द्रवरूप गॅस, सगळ्या हातावर. कातडी गोठली, पुढे निघाली, नवी आली. पट्टी मीही बघितली होती. आईच रोज मलम लावायची. हात बरा झाला असं सगळ्यांनी धरलं. पण मनगटापासून खाली गरम-गार कळायचं बंद झालं ते झालंच. “आधी वाटलं, येईल हळूहळू,” ते म्हणाले. “नाय आलं. पण सवयीने आधी तोच हात पुढे जातो.”

“फोरमनला सांगितलंस?” चाचांनी विचारलं.

“सांगून? एप्रिलमध्ये काँट्रॅक्टचं मेडिकल आहे. आत्ता सांगितलं तर आत्ताच घरी पाठवतील. मी गेलो की व्हिसा गेला, ह्या दोघी पण माझ्याच व्हिसावर. हिची परीक्षा इथे आहे, इथल्या सेंटरला.” मग ते माझ्याकडे वळले. “बाय, आईला बोलू नकोस. ती आधीच रागावलीय. तुझा शेवटचा पेपर झाला की मी स्वतः फोरमनला सांगीन. शप्पत.”

“आणि तोपर्यंत?” मी विचारलं. “करंट असतो, बाबा. पाइप असतात.”

“तोपर्यंत डावा हात आहे की.”

चाचांनी दाढीवरून हात फिरवला. “पोरीला असं वचन मागू नये, अनंता,” ते म्हणाले. पण मी देऊन टाकलं. तेव्हा मला हे वचन देणं म्हणजे मोठं झाल्यासारखं वाटलं. खरं सांगायचं तर माझा स्वार्थही त्यात होता. मला ती परीक्षा द्यायची होती. वर्ष फुकट घालवून गावी परत जायचं नव्हतं. बाबांच्या हाताची किंमत देऊन मी पेपर लिहिणार होते, हे मला पक्कं कळत होतं आणि तरीही मी हो म्हणाले. आज इतक्या वर्षांनीही त्याची लाज वाटते.

तो मार्च मी कसा काढला! इंग्रजीचा पेपर, बाहेर धूळ, आणि माझ्या डोक्यात कुठल्या तरी गच्चीवर बाबा वाकलेले. केमिस्ट्रीच्या पेपरात वायूंवर प्रश्न आला आणि मी तो तीनदा वाचला. घरी आले की आधी दारातले बाबांचे बूट बघायचे. बूट असले की जीव भांड्यात. मग नजर हातावर. एक दिवस अंगठ्याजवळ फोड, एक दिवस करंगळीला पट्टी. ‘खरचटलं,’ ते आईला सांगायचे. आई ‘बरं’ म्हणायची आणि कोमट चहा पुढे ठेवायची. मला तिचा भयंकर राग यायचा. ह्या माणसाचा हात जळतोय आणि ही बाई चहा गार करून सूड घेतेय, असं मला वाटायचं. मी तिच्याशी आणखी इंग्रजीत बोलायला लागले.

फिजिक्सच्या दिवशी सकाळी बाबा मला कंपनीच्या पिकअपमधून सोडायला आले. स्टिअरिंगवर डावा हात, उजवा मांडीवर. झिंजच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ते म्हणाले, “आहे का गॅस?”

“आहे. पण सर म्हणाले, आता काही दिवसच.”

“तुझा पेपर होईपर्यंत टिकला म्हणजे झालं,” ते म्हणाले आणि हसले. ते कुणाबद्दल बोलत होते हे आम्हा दोघांनाही कळत होतं. “यल्ला, चल. उतर. नीट लिही.”

शेवटचा पेपर झाला त्या दुपारी वारा पडला होता. घरी आले, दप्तर टाकलं. बाबा कामावर होते. आई खिडकीतले पंचे काढून बादलीत पिळत होती. मी तिच्या मागे उभी राहिले आणि म्हणाले, मराठीत म्हणाले, “आई, तुला एक सांगायचंय. बाबांच्या हाताला…”

“माहीत आहे,” ती म्हणाली. पंचा पिळणं तिने थांबवलं नाही.

“काय माहीत आहे?”

“गरम कळत नाही त्यांना. मलम कोण लावत होतं? एकदा वाटीतलं तेल जरा जास्त तापलं होतं, माझं बोट पोळलं आणि त्यांच्या हातावर थेंब पडला तरी ते टीव्ही बघतायत. तेव्हाच कळलं.”

 “मग त्या दिवशी, ताप आला तेव्हा, त्यांना एवढं का बोललीस?”

आता ती वळली. “नाहीतर काय करू? ते गार म्हणाले नि तू त्यांच्या हाताकडे बघायला लागलीस. तुला कळलं असतं तर तू पेपर लिहिला असतास? म्हटलं, बाप बेफिकीर आहे एवढंच वाटू दे.”

“आणि चहा?”

“उकळता पेला धरला असता त्यांनी आणि बोटं शिजली असती. त्यांचं त्यांना कळलं नसतं.”  तिने पदराने नाक पुसलं. “जास्त बोलत पण नव्हते मी. बोलायला गेलं की तोंडून निघून जाईल असं वाटायचं. आणि हे बघ, त्यांना वाटतं मला ठाऊक नाही. तसंच वाटू दे. मला कळू नये म्हणून एवढे कष्ट घेतलेत त्यांनी.”

मी तिच्या ओल्या हातांना धरून रडले. दोन महिने मी त्या दोघांकडे बघत होते आणि मला त्यांच्या मधे काळपट, मेलेली जागा दिसत होती. प्रोजेक्टची फाइल समोर शेल्फावर होती. दुसऱ्या फोटोखाली माझ्याच अक्षरात लिहिलं होतं की साध्या डोळ्यांना जिथे काही दिसत नाही तिथेच सर्वांत जास्त उष्णता आहे. प्रॅक्टिकलला त्याबद्दल पूर्ण मार्क मिळाले होते. माझ्या स्वतःच्याच भीतीची आच एवढी होती की मला दुसऱ्या कुणाची जाणवलीच नाही.

त्यानंतर लवकरच, एप्रिलमध्ये, सरांनी सांगितलं की हेलियम संपला. संध्याकाळी बाबा बूट काढत होते, त्यांना सांगितलं, “खलास झाला, बाबा.”

ते एका पायात बूट तसाच ठेवून बसले. “बंद केली मग?”

“लगेच नाही. काही लहरी अशा असतात की त्यांना एवढा गारवा लागत नाही. सर म्हणाले, तेवढ्यापुरती अजून थोडे दिवस चालवणार. ताऱ्यांची मोजमापं घेणार.”

“म्हणजे दुसरं काम दिलं तिला.”

“हो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. आईने काही विचारलं नाही, मीही नाही. आम्ही दोघी दिवसभर नुसत्या घरातल्या घरात फिरत होतो. जी भांडी घासली होती ती आईने पुन्हा घासली. बाबा परत आले तेव्हा त्यांनी बूट काढायच्या आधी जाहीर केलं, “ऐकलंत काय? प्रमोशन मिळालं. स्टोअरला घेतलंनी मला. पार्ट द्यायचे, घ्यायचे, रजिस्टरला लिहायचं. इतकी वर्षं काम केलं म्हणून फोरमनने विचारलान मला.” आणि आईच्या खांद्यावरून माझ्याकडे बघून डोळे किंचित मिचकावले.

खरं काय झालं ते त्यांनी मला नंतर सांगितलं. फोरमनला हात दाखवला, फोरमन आधी रागावला, मग वर साहेबाकडे गेला. पगार थोडा उतरला. पण व्हिसा राहिला.

“अगंबाई! प्रमोशन?” आई म्हणाली. इतकं सुंदर खोटं आश्चर्य मी पुन्हा पाहिलं नाही. तिने शिरा केला. तो गार होईपर्यंत ताट पुढे केलं नाही. कासमचाचांना वाटीभर पाठवला, चाचांनी वाटी परत देताना मला विचारलं, “बापाचं प्रमोशन काय गो?” आणि आम्ही दोघं हसता हसता रडलो.

पुढची वर्षं मी अशी काढली की बाबांचं गुपित आईपासून लपवायचं आणि आईचं बाबांपासून. ते दोघं गावी परत आले, बाबांचे केस गेले, आईचे गुडघे गेले, पण चहा कोमटच राहिला. ‘मला गरम चहाने पित्त होतं, म्हणून सगळ्यांचाच निववते,’ असं आई पाहुण्यांना सांगायची. पाहुणे मनातून शिव्या घालत असतील. बाबा मुकाट पीत. मला अनेकदा वाटलं की आता पुरे, दोघांना समोरासमोर बसवावं आणि सांगून टाकावं. मग आईचे शब्द आठवायचे आणि मी गप्प राहायचे.

आई गेल्या पावसाळ्यात गेली. बाबा आता माझ्याकडे असतात.

तर परवा, चहा उतू गेला त्या संध्याकाळी, मी दुसरा टाकला आणि गडबडीत तसाच कपात ओतून बाबांपुढे ठेवला. शेजारी फोन ठेवला. “बघा, ओळखता का ह्यांना?” त्यांनी चष्मा लावला, फोटो बराच वेळ बघितला. “आपल्याच त्या दोघी,” ते म्हणाले. “रंगीत झाल्या. आणि गॅस? हिचा किती दिवस टिकणार?” मी सांगितलं की ही नवी दुर्बीण उन्हाकडे पाठ करून, मोठी छत्री धरून बसते. जास्त गारवा लागतो तिथे यंत्र आहे, आणि त्यातला हेलियम पुन्हा पुन्हा तोच फिरतो, फ्रीजमधल्या गॅससारखा. संपत नाही. “हां,” बाबा म्हणाले. “आता शिकले.”

मग त्यांनी कपाकडे बघितलं. वर वाफ होती. त्यांनी हात पुढे केला नाही.

“जरा निवव गो,” ते म्हणाले. “तुझी आई द्यायची तसा.”

मी कपाकडे हात नेला.

“चहा का निववते ते मला माहीत नाही असं तिला वाटायचं,” बाबा म्हणाले. “म्हणून मी पण कधी बोललो नाही.”

मी कप उचलून आत नेला. चहा या भांड्यातून त्या भांड्यात वरखाली केला, चार वेळा, पाच वेळा. परत कपात ओतला. मग नळाखाली हात धुतला, पुसला, आणि उलटा हात कपाला लावून बघितला.